श्रीखंडावरचा आळ

शाल्मलीच्या अंगावर पुरळ उठायचं ते नेमकं सणावारी. एरवी ही मुलगी उन्हात हुंदडायची, चिखलात लोळायची, मांजराची पिल्लं गळ्यात घेऊन झोपायची. तिला काही म्हणजे काही व्हायचं नाही. पण दसरा झाला, पाडवा झाला, कुणाचा वाढदिवस झाला, की एक-दोन दिवसांत मानेवर, काखेत आणि कमरेभोवती लालबुंद पुरळ हजर. मग खाजवणं, रडणं, आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन मागे धावणारी आजी.

सांगलीतल्या त्या घरात श्रीखंडाशिवाय सण म्हणजे सणच नव्हे. तेव्हा सगळ्यांनी मिळून खापर फोडलं ते श्रीखंडावर. नुकत्याच झालेल्या पाडव्याला आजीनं निकाल दिला, आईनं मान डोलावली, बाबांनी स्वतःची वाटी चाटूनपुसून स्वच्छ करत अनुमोदन दिलं आणि शाल्मलीचं श्रीखंड कायमचं बंद झालं. पोरीनं बटाट्याच्या भाजीशी पुरी खायची आणि समोर बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं, याला काय न्याय म्हणायचं?

ही गोष्ट आहे आजपासून थोड्या वर्षांनंतरची. तेव्हा कपडे आणायला कुणी दुकानात जात नसे. 'फटाफट' नावाचं ॲप होतं. त्यावर एका चित्रावर बोट टेकवलं की तासाभरात ड्रोन भिरभिरत गॅलरीत यायचा आणि पुडकं टाकून जायचा. एका फ्रॉकची किंमत दोन पुडे भडंगाएवढी. त्यामुळे शाल्मलीचं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळत. एकदा घातलेला फ्रॉक दुसऱ्यांदा घालायची पाळी क्वचितच यायची, कारण तोवर नवा आलेला असायचा.

आणि नवा कपडा घालायची या घरात एक ठरलेली रीत होती. कोऱ्या कपड्याला पाणी लावायचं नाही. कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट टेकवायचं, देवाला दाखवायचा आणि तसाच कोराकरकरीत अंगात घालायचा. आजीची ही रीत कुणी मोडली नव्हती. आजीची दुसरी एक रीत याच्या अगदी उलट होती. घरात बाळ जन्मलं की बारशापर्यंत त्याला नवं काही घालायचं नाही, मऊ विरलेल्या जुन्या कापडाचीच झबली आणि दुपटी. दोन्ही रीती आजी सारख्याच जोरात सांगायची.

तर, शाल्मलीच्या घरात बाळ आलं होतं. तिचा भाऊ. मुठीएवढं तोंड, त्यात आणखी जांभई. शाल्मलीला त्याला मांडीवर घ्यायची इतकी घाई झाली होती की विचारू नका. पण अजून मान धरत नाही, तू धांदरट आहेस, तुझे हात गार आहेत, अशी रोज नवी कारणं निघत. शेवटी आजीनं शब्द दिला. रविवारी बारसं. आत्या कानात नाव सांगेल तेव्हा बाळ शाल्मलीच्या मांडीवर असेल. मात्र एक अट होती. अंगावर पुरळ असेल तर बाळाला शिवायचंही नाही.

शाल्मलीनं मनाशी पक्कं ठरवलं, श्रीखंडाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि बारशाला दोघांनी एकसारखं दिसायचं म्हणून तिनं 'फटाफट'वरून लाल चकचकीत कपडे मागवले. तिला फ्रॉक, बाळाला झबलं-टोपडं. गुरुवारी पुडकं आलं. मापाला बघते असं म्हणून तिनं फ्रॉक घातला तो अंगातून काढेचना. आरशासमोर गिरक्या घेऊन घेऊन घामाघूम झाली, तसाच फ्रॉक घालून जेवायला बसली, आणि आई ओरडली तेव्हा कुठे झोपताना बदलला.

शनिवारी सकाळी उठली तर मानेवर, काखेत आणि कमरेभोवती लालबुंद पुरळ.

तिनं गळाबंद स्वेटर घातला. आता एप्रिल महिन्यात सांगलीत स्वेटर घातलेली मुलगी लपून राहील का? आजीनं एका मिनिटात पकडली. आदल्या रात्रीच स्वयंपाकघरात दही फडक्यात बांधून टांगलं होतं, रविवारच्या श्रीखंडाच्या चक्क्यासाठी. आजीनं एकदा त्या पुरचुंडीकडे पाहिलं, एकदा शाल्मलीकडे पाहिलं आणि आपल्याला सगळं कळलं असं आजीला वाटलं. रात्री उठून चक्का चाटला, असा आरोप झाला. शाल्मलीनं देवाची, आईची, मांजराची, सगळ्यांची शपथ घेतली. कुणाचाही विश्वास बसला नाही. आई जवळ घेऊन हळूच म्हणाली की खाल्लं असशील तर सांगून टाक, रागावणार नाही. हे तर आरोपापेक्षा वाईट होतं. शाल्मली गॅलरीत जाऊन बसली आणि हुंदके देऊन रडली.

त्याच दुपारी केतकीआत्या आली. बाबांची ही धाकटी बहीण इचलकरंजीला एका प्रयोगशाळेत कापडातली रसायनं तपासते. भाच्याचं नाव ठेवायचा मान तिचा, म्हणून ती बारशाला आली होती, आणि एकटी आली नव्हती. तिच्यामागून घरंगळत आला पोळीच्या डब्याएवढा एक यंत्रमानव. खाली चार चाकं आणि पुढे लांबलचक लवचीक नळी. ते त्याचं नाक. म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला नाकाडे म्हणत.

वास म्हणजे काय, तर पदार्थातून उडून हवेत मिसळलेले रेणू (पदार्थाचे डोळ्यांना न दिसणारे अतिशय बारीक कण). ते आपल्या नाकात शिरले की आपण म्हणतो, वास आला. आपलं नाक नुसतं "छान" किंवा "ईऽऽ" म्हणू शकतं. नाकाडे एकेका रेणूला नावानिशी ओळखायचा. फक्त कुठे काय बोलावं याची पोच त्याला अजून कुणी शिकवली नव्हती.

शाल्मलीचे सुजलेले डोळे बघून आत्यानं काय झालं ते विचारलं. आजीनं तिच्या परीनं सगळं सांगितलं. आत्यानं नाकाडेला नुसती खूण केली. नाकाडेनं शाल्मलीच्या बोटांवरून, ओठांवरून आणि हनुवटीवरून नळी फिरवली आणि सरकारी आवाजात अहवाल दिला.

"दह्याचा किंवा चक्क्याचा अंश नाही. दुपारच्या शेपूच्या भाजीचाही नाही. ती भाजी गॅलरीत, डावीकडून दुसऱ्या कुंडीत आहे."

बाबा एवढ्या जोरात हसले की आत बाळ दचकलं. आजीनं डोळे वटारले खरे, पण तिला मनातून फार वाईट वाटलं. तिनं शाल्मलीला ओढून कुशीत घेतलं आणि म्हणाली, "चुकले गं मी. उगीच तुझ्यावर आळ घेतला."

शाल्मलीचा जीव भांड्यात पडला. पण पुरळ होतंच की. श्रीखंड खाल्लं नाही आणि पुरळ आलं, तर मग आलं कशानं? आणि उद्या बाळ मांडीवर मिळणार की नाही?

आत्या तिला घेऊन सतरंजीवर बसली. तिनं आधी आपल्या डॉक्टर मैत्रिणीला व्हिडिओवर पुरळ दाखवलं आणि मग कामाला लागली. ती म्हणाली की दोन गोष्टी नेहमी बरोबर घडतात याला सहसंबंध (एकमेकींच्या सोबतीनं घडणं) म्हणतात. सोबत घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नाही. तुझ्या शाळेची घंटा वाजते आणि समोरचा वडेवाला गाडी उघडतो. म्हणून घंटेतून वडे निघत नाहीत.

मग आत्यानं विचारलं की सणाला श्रीखंडाच्या सोबत आणखी काय काय येतं. शाल्मली बोटं मोजत बसली. पाहुणे. रांगोळी. उटणं. मोठा आवाज. यातलं या आठवड्यात काहीच नव्हतं. आत्यानं तिला पुरळाकडे नीट बघायला सांगितलं. पोटात गेलेल्या अन्नानं आलं असतं तर अंगावर कुठेही आलं असतं. हे मानेला एका रेषेत थांबलं होतं, काखेत होतं आणि कमरेभोवती पट्टा बांधल्यासारखं होतं. मान, काख, कमर. जिथे घाम येतो, जिथे काहीतरी घासतं.

शाल्मली उठली ती थेट कपाटाकडे धावली आणि लाल फ्रॉक घेऊन आली. तो अंगाला लावून बघितला. गळ्याची शिवण मानेवरच्या रेषेवर बसली. कमरेचा पट्टा कमरेवरच्या पट्ट्यावर.

"हाच तो," ती हळूच म्हणाली.

नाकाडेनं फ्रॉकवरून ओला कापूस फिरवला आणि तो नळीत ओढून घेतला. मग त्यानं एकेक नाव सांगायला सुरुवात केली. धागा पॉलिस्टरचा (खनिज तेलापासून बनवलेला, प्लॅस्टिकच्याच घराण्यातला). धाग्याला नीट न चिकटलेला लाल रंग, भरपूर. कापडाला सुरकुती पडू नये म्हणून लावलेलं फॉर्माल्डिहाइड (उग्र वासाचं एक रसायन, जे डोळ्यांना आणि कातडीला झोंबतं). एकेक नाव ऐकताना आजीचा चेहरा उतरत चालला होता, कारण सणाला कोरा कपडा घालायचा हट्ट तिचाच होता.

आत्यानं समजावलं की शाल्मलीच्या पुरळाला स्पर्शजन्य त्वचादाह (कातडीला न मानवणारी वस्तू लागून येणारं पुरळ) म्हणतात. ते बऱ्याचदा लगेच येत नाही, एखाद-दोन दिवसांनी उठतं. तोवर फ्रॉक काढून ठेवलेला असतो आणि जिभेवर श्रीखंडाची आठवण ताजी असते. म्हणून आळ आला श्रीखंडावर आणि खरा चोर कपाटात लटकत राहिला.

तरीही आजीला हे पुरतं पटेना. तिच्या लहानपणीही सगळे कोरे कपडेच घालायचे, तेव्हा कुणाला काही झालं नाही, असं तिचं म्हणणं. आत्यानं वाद घातला नाही. तिनं पांढऱ्या बादलीत कोमट पाणी घेतलं, थोडी साबणपूड टाकली आणि फ्रॉक बुडवायला शाल्मलीला दिला. हातात मोजे घालूनच, बरं का. पाणी बघता बघता लाल झालं. शाल्मलीनं दुसऱ्या बादलीत पाणी घेतलं, तेही लाल. तिसरं गुलाबी.

आत्या सांगत होती की पॉलिस्टरवर रंग पक्का बसायचा तर खूप तापलेलं पाणी हवं, पुरेसा वेळ हवा आणि शेवटी जास्तीचा रंग पुन्हा पुन्हा धुऊन काढायला हवा. एक किलो कापड रंगवायला शंभर-दीडशे लिटर पाणी सहज लागतं. पण आज चित्र काढलं आणि आठवड्यात फ्रॉक विकायला ठेवला, अशी शर्यत लागली की सगळ्यात आधी काय कमी होतं? धुणं. वेळ वाचतो, पाणी वाचतं, फ्रॉक दोन पुडे भडंगात मिळतो. आजीच्या लहानपणी सगळे रंग चांगले होते असं नाही, पण तेव्हा वर्षाला दोन जोड असत. पहिले एक-दोन दिवस कोरे, बाकी वर्षभर धुऊन धुऊन मऊ झालेले. शाल्मली मात्र प्रत्येक वेळी कोराच घालत होती.

हे ऐकत ऐकत शाल्मलीनं पहिली बादली उचलली आणि मोरीत ओतायला गेली. तिरपी केली, आणि थांबली.

"आत्या, हे पाणी कुठे जाईल?"

आत्या इतका वेळ याच प्रश्नाची वाट बघत होती. तिचा चेहरा उजळला. मोरीतून गटारात, गटारातून नदीत, हे शाल्मलीलाही ठाऊक होतं. कृष्णेच्या घाटावर ती पोहायला शिकली होती. तिच्या डोळ्यांसमोर तो घाट आला आणि तिनं बादली खाली ठेवली.

रंग नाहीसा होत नाही, आत्या म्हणाली, तो फक्त जागा बदलतो. धाग्याला न चिकटलेला रंग कारखान्यात धुतला आणि पाणी स्वच्छ न करता सोडलं, तर तो नदीत जातो. धुतलाच नाही, तर तुझ्या मानेवर येतो. नदीच्या पाण्यात रंग भरला की ऊन खाली पोचत नाही, पाणवनस्पती मरतात, मग मासे गुदमरतात. शिवाय पॉलिस्टर धुताना त्यातून सूक्ष्मतंतू (डोळ्यांना न दिसणारे धाग्याचे तुकडे) सुटतात, तेही पाण्यातून माशांच्या पोटात जातात. आणि दोनदा घालून फेकलेले कपडे कुठेतरी माळावर ढिगानं पडून राहतात. पॉलिस्टर काही सहजासहजी कुजत नाही.

नाकाडे का बनवला, ते आत्यानं आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं, ते आता सांगितलं. परमुलखातल्या एका रंगाऱ्याच्या कारखान्यात तिला रेश्मा नावाची एक मुलगी भेटली होती. दिवसभर उघड्या हातांनी रंगाच्या पाण्यातून कापड काढायची. हातांवर कोपरापर्यंत असंच पुरळ होतं. रंग झाला की नाही, रसायन पुरेसं पडलं की नाही, हे ती वाकून वास घेऊन ओळखायची आणि मग खोकत राहायची.

"तुझं पुरळ चार-आठ दिवसांत जाईल," आत्या म्हणाली. "तिचं जात नव्हतं, कारण तिचा हात रोज त्याच पाण्यात. म्हणून मी नाकाडे बनवला. वास घ्यायचाच असेल तर यानं घ्यावा, आणि पाण्यात घातक काही असेल तर कुणी हात घालायच्या आधीच सांगावं."

फ्रॉकवरच्या चकचकीत टिकल्यांवरून शाल्मलीनं एकदा बोट फिरवलं आणि तिला त्या पहिल्यासारख्या सुंदर वाटेनात. मग ती आत गेली, बाळाचं लाल झबलं-टोपडं घेऊन आली आणि नाकाडेसमोर ठेवलं. त्याचा अहवाल अगदी तोच निघाला. बाळाची कातडी आपल्यापेक्षा कितीतरी पातळ असते, हे आत्यानं सांगायच्या आधीच शाल्मलीनं ते झबलं घडी करून आत्याच्या पिशवीत टाकलं.

"हे प्रयोगशाळेला ने. त्याला नको."

आणि मग तिला रडू कोसळलं, कारण बारशाला एकसारखं दिसायचं तिचं स्वप्न त्या झबल्याबरोबर पिशवीत गेलं होतं.

एवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पुरळ संसर्गजन्य (एकाकडून दुसऱ्याला लागणारं) मुळीच नाही, असं त्यांनी सांगितलं. लावायला मलम सुचवलं, धुतलेले सैल सुती कपडे घालायला सांगितलं. श्रीखंड खायला हरकत नाही, आणि बाळाला खुशाल घे म्हणाल्या. शाल्मलीनं डोळे पुसले आणि आजीकडे पाहिलं. सगळ्यांनीच आजीकडे पाहिलं.

आजी उठून आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात आईचं एक पिवळं सुती पातळ होतं, धुऊन धुऊन दुधावरच्या सायीसारखं मऊ झालेलं. बाळाची दुपटी करायला म्हणून ठेवलेलं. तिनं नाकाडेला बोलावून घेतलं आणि घे रे बाबा वास, असं फर्मावलं. नाकाडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत नळी फिरवली. कापूस, साबणाचा अंश, ऊन लागलेल्या कापडाचा वास. धोकादायक काही नाही.

आजीचा चेहरा खुलला. एक रीत चुकली होती, पण दुसरी अगदी शास्त्रशुद्ध निघाली होती, हे तिनं त्या संध्याकाळी निदान सहा वेळा ऐकवलं. तोवर तिनं शिवणयंत्र बाहेर काढलं होतं. पातळाच्या एका भागाचं झबलं आणि टोपडं, उरलेल्याचा शाल्मलीला घेरदार फ्रॉक. आईनं भीतभीत विचारलं की बारशाला नवं लागतं ना, हे तर जुनं. आजीनं दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "आत्ता शिवलं म्हणजे नवंच की."

त्या लाल पाण्याचं काय केलं, ते राहिलंच. आत्याकडे सच्छिद्र कोळशाची पिशवी होती (हा कोळसा अतिशय बारीक भोकाभोकांचा असतो, रंगाचे कण त्यात अडकून बसतात). शाल्मलीनं पाणी त्यातून पुन्हा पुन्हा गाळलं. पाणी फिकट होत होत जवळजवळ नितळ झालं आणि तिला जादू केल्यासारखं वाटलं. मग तिनंच विचारलं की आता रंग कोळशात गेला, म्हणजे तो कोळसा कुठे टाकायचा? आत्यानं कबूल केलं की त्याचीही नीट विल्हेवाट लावावी लागते. म्हणून सगळ्यात सोपा उपाय म्हणजे कपडे मोजकेच घ्यायचे, नवा आधी धुवायचा आणि विरेपर्यंत घालायचा. रात्री श्रीखंड घोटून झालं तेव्हा बाबांनी पहिली वाटी शाल्मलीपुढे ठेवली. तिनं ती कशी संपवली ते सांगत बसत नाही, तुमच्या तोंडाला उगीच पाणी सुटेल.

रविवारी सकाळी नवं पुरळ कुठेच नव्हतं. जुनं मलमाखाली निवत चाललं होतं. पाळणा सजला, बायका जमल्या, आजीनं दोन्ही पिवळ्या कपड्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकवाचं बोट टेकवलं. शाल्मली मांडी घालून भिंतीला टेकून बसली आणि आईनं अलगद बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. किती हलकं होतं ते. आणि किती ऊबदार. शाल्मलीला श्वास घ्यायचीही भीती वाटत होती. पिवळ्या फ्रॉकवर पिवळं झबलं, बाळ कुठे संपतं आणि ताई कुठे सुरू होते ते लांबून कळत नव्हतं. आत्यानं वाकून बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं, उदयन.

नाकाडे पाळण्याशेजारी उभा होता. पुढच्या वर्षी त्याची भावंडं रंगाऱ्यांच्या कारखान्यांत कामाला लागणार होती, पहिलं रेश्माच्या कारखान्यात. शाल्मलीनं आत्याला आधीच बजावून ठेवलं होतं की मोठी झाल्यावर ती नाकाडेपेक्षा हुशार यंत्र बनवणार, जे रंग पाण्यात सुटूच देणार नाही. आत्या हसली नव्हती. तिनं शाल्मलीला सुट्टीत प्रयोगशाळेत यायला सांगितलं होतं.

एवढ्यात शाल्मलीच्या मांडीवर काहीतरी कोमट पसरलं. नाकाडेची नळी चटकन वर झाली आणि भरल्या घरात त्याचा सरकारी आवाज घुमला.

"कापडात नवीन पदार्थ. युरिया आणि पाणी. स्रोत, उदयन."

बायका खो खो हसत सुटल्या. आई बाळाला घ्यायला धावली, पण शाल्मलीनं त्याला सोडलं नाही. तिनं उदयनला आणखी थोडं जवळ धरलं आणि अगदी गंभीरपणे नाकाडेला सांगितलं, "असू दे. हे एका धुण्यात जातं."